आधी ब्रेक, मग रंग



आमच्या सारसोळ्यातल्या सहा घरांनी मिळून गेल्या पावसाळ्यानंतर एक जुनी मॅटाडोर घेतली. गाडी १९९६ सालची, खाजगी नोंदणीची, आणि मालकाच्या दारात तीन वर्षे उभी राहून सडलेली. टोचन लावून ती आम्ही आणली तेव्हा येणारे-जाणारे थांबून हसत होते. "अहो, गाडी आणलीत की भंगार?" असे एका शेजाऱ्याने विचारलेही. आज त्याच गाडीची हकीकत या सदरात सांगायची आहे. वाचकांपैकी कोणी अशीच जुनी गाडी चार घरे मिळून घ्यायचा विचार करीत असेल, तर आमच्या चुकांचा त्यांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

प्रथम, गाडी कशाला? आपल्या घरांचे वर्ष प्रवासाने बांधलेले असते. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. पुरुष माणूस कुठेही पथारी पसरतो. पण बाया-माणसांचे आणि म्हाताऱ्यांचे काय? दोन वर्षांपूर्वी नागपूरला आमच्या आत्या, वय वर्षे बहात्तर, रात्रभर रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्रावर आडव्या होत्या. सकाळी लुगडे बदलायचे तर चौघींनी चादर धरली. परत आल्यावर आत्या म्हणाल्या, "पुढच्या साली माझं काही खरं नाही. तुम्ही जा." त्या वाक्याने आम्हाला झोप लागली नाही. ज्या पिढीने आपल्या आईबापांच्या तोंडून १९५६ ऐकले, ती पिढी केवळ आडवे व्हायला जागा नाही म्हणून घरी बसणार?

म्हणून ठरले: पाठ टेकता येईल, आडोसा मिळेल आणि प्यायचे पाणी बरोबर राहील अशी गाडी करायची.

तरुण पोरांनी लगेच मोबाइलवर चित्रे दाखवली. युरोपात फोक्सवॅगन कंपनीची व्हॅन १९५० पासून बनू लागली आणि वेस्टफालिया नावाच्या जर्मन कारखान्याने १९५१ पासून त्या व्हॅनमध्ये बिछाना, कपाट, छोटी ओटी बसवायला सुरुवात केली. पुढे त्यांत उघडणारे छप्पर आले. गाडी उभी केली की छप्पर वर उचलायचे, बाजूला कापडाच्या भिंती ताणल्या जातात, माणूस आत ताठ उभा राहू शकतो आणि वरही झोपायला जागा होते. पोरे म्हणाली, "आपण असंच छप्पर करू या."

कल्पना वाईट नव्हती. आपली मॅटाडोरही मुळात जर्मन घराण्यातलीच. हॅम्बुर्गच्या विडाल आणि सन्स कंपनीच्या गाड्यांचे नाव 'टेम्पो'. त्यांच्या सहकार्याने १९५८ मध्ये न. के. फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली, आणि ते नाव आपल्या तोंडी इतके बसले की मालाची कुठलीही छोटी गाडी म्हणजे टेम्पो. त्याच कंपनीची मॅटाडोर महाराष्ट्राच्या गावोगाव धावली. भाजी, वऱ्हाड, मोर्चा, सगळे तिने वाहिले. कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे आणि मॅटाडोर आता बनत नाही. पण तिचे काम जाणणारे जुने हात अजून आहेत.

असे एक हात आमच्याच शेजारी निघाले. एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे काढून निवृत्त झालेले एक मामा. आम्ही त्यांना रंगाचा नमुना दाखवायला बोलावले होते. निळा रंग, बाजूला पंचशील ध्वजाची पट्टी, असा आमचा बेत. मामांनी नमुन्याकडे पाहिलेच नाही. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, गाडीखाली झोपले आणि चालकाच्या पायाखालच्या पत्र्याला टोचला. तो आरपार गेला. मग आत बसून त्यांनी ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवला आणि तसाच दाबून धरला. पायडल हळूहळू खाली बसत गेले, थेट तळाला टेकले. "ही गाडी चालते," मामा म्हणाले, "पण थांबत नाही. आणि तुम्हाला छप्पर उघडायचंय?"

त्या रात्री सहा घरांची बैठक झाली आणि भांडण झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. पैसा मोजका. ब्रेक, चासी, टायर यांत तो घातला तर छप्पर, रंग, गाद्या यांना काय उरणार? एकजण म्हणाला, "गाडी लोकांसमोर जाणार. आपल्या समाजाची गाडी कळकट दिसली तर लोक काय म्हणतील?" हा मुद्दा हलका नाही, वाचकहो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नीटनेटके दिसण्याचाही हक्क नव्हता, त्यांना चांगले दिसावेसे वाटणे यात चूक काही नाही.

तेव्हा आमच्यातल्या एका ताईंनी चाळीसगावचा टांगा आठवून दिला. बाबासाहेबांनी आपल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात तो प्रसंग नोंदवला आहे. साल १९२९. सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. वस्ती स्टेशनपासून पायी जाण्याजोगी होती. पण आपल्या नेत्याने चालत यावे हे लोकांना पटेना. टांगेवाला अस्पृश्य माणसाला घेऊन हाकायला तयार नव्हता. टांगा भाड्याने द्यायला मात्र त्याची हरकत नव्हती. तेव्हा आपल्यातलाच एकजण लगाम धरून बसला, ज्याने टांगा कधी हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. आपला मान राखण्यासाठी लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, अशी खंत त्यांनी लिहून ठेवली आहे.

ताई एवढेच म्हणाल्या, "मान हवाच. पण लगाम धरणाऱ्याला हाकताही आलं पाहिजे." बैठक तिथेच संपली. ठरले की आधी ब्रेक, मग रंग.

आता कामाचा क्रम सांगतो.

पहिले काम पत्र्याचे. सारसोळे खाडीकाठचे. पाम बीच रस्त्यापलीकडे जेट्टी, आणि वारा खारा. असा वारा पत्र्याला आतून खातो. आमचे एक कोळी शेजारी गाडी पाहायला आले होते. ते म्हणाले, "होडी कधी वरून बघत नाहीत, खालून बघतात." हेच सूत्र. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, जेथवर पत्रा कुजला आहे तेथवर तो कापायचा, निरोगी पत्र्याला नवा तुकडा वेल्ड करायचा, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग. काही ठिकाणी भोकावर पुट्टी भरून वर रंग मारून देतात. सहा महिने गाडी छान दिसते आणि गंज आत वाढत राहतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचे पाणी आत साचते आणि दार कुजते. एक तार घेऊन ती मोकळी करणे, हे काम लहान मुलानेही करावे. वेल्डिंगपूर्वी मात्र बॅटरीच्या वायरी काढाव्यात, डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी आणि वाळूच्या बादल्या जवळ असाव्यात.

दुसरे काम ब्रेकचे. पायडल दाबून धरल्यावर खाली बसते याचा अर्थ बहुधा मास्टर सिलिंडरमधली रबरे गेलेली असतात किंवा कुठेतरी गळती असते. आम्ही मास्टर सिलिंडर, चारी चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लायनिंग बदलले, गंजलेले लोखंडी पाइपही नवे टाकले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. जुने, ओलावलेले ऑइल घाटात ब्रेक तापले की उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल रिकामे जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे. हे स्वस्तातले काम, पण जीव त्यावर अवलंबून.

तिसरे टायर. आमचे टायर दिसायला गुटगुटीत होते, नक्षी शाबूत. मामांनी बाजूवरचा चार आकडी अंक वाचायला लावला. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ३२१२ असेल तर २०१२ सालचा बत्तिसावा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते, बाजूला बारीक भेगा पडतात. पाचही टायर बदलावे लागले.

चौथे काम विजेचे, आणि ते केले आमच्याच एका घरच्या मुलीने. तिने आय.टी.आय.त वायरमनचा कोर्स केला आहे. मामांना आधी भरवसा नव्हता. त्यांनी विचारले, "पोरी, फ्यूज कुठं बसवशील?" ती म्हणाली, "बॅटरीला लागूनच, मामा. दुसऱ्या टोकाला बसवला तर मधली सगळी वायर बिनसंरक्षणाची." मामांनी हातातला पक्कड तिच्याकडे दिला. तिने दिव्या-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी बसवली, म्हणजे रात्री पंखा चालून सकाळी गाडी सुरूच होत नाही असे व्हायला नको. हिशेब सोपा आहे. दोन पंखे आणि दोन दिवे मिळून ४० वॅट. १२ व्होल्टवर ते सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेतात. आठ तासांचे झाले २७. बॅटरी ८० अँपिअर-तासांची. साधी बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे रात्र सुखाने निघते.

आता छपराविषयी. पोरांचे मन त्यातच होते, म्हणून आम्ही वाशीच्या आर.टी.ओ.त चौकशी केली, कायदा वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. झोपायच्या गाड्यांसाठी, म्हणजे मोटर कॅरॅव्हॅनसाठी, केंद्राचे वेगळे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण ती वाट मान्यता घेतलेल्या गाड्यांची. गल्लीतल्या गॅरेजात छप्पर कापण्याची नव्हे. शिवाय छपराच्या आडव्या पट्ट्या गाडीचा सांगाडा धरून ठेवतात. त्या कापल्या की गाडी उलटल्यास छप्पर डोक्यावर बसते. आणि कोकणातला पाऊस त्या फटीतून आत आल्यावाचून राहणार नाही.

मग आम्ही काय केले? छप्पर उघडले नाही, बाजू उघडली. गाडी उभी केली की बाजूच्या दारावर ताडपत्री ओढायची, पुढे दोन लोखंडी पाइप, चार दोऱ्या, चार खुंट्या. दहा मिनिटांत आठ-दहा माणसांची सावली तयार. सीट काढल्या नाहीत, कारण आसनसंख्या आर.सी. बुकात नोंदलेली असते. दोन सीटच्या मध्ये बसतील अशा प्लायवूडच्या फळ्या केल्या, वर पातळ गाद्या. गाडी थांबली की फळ्या घालायच्या, निघताना काढायच्या. चालत्या गाडीत कोणीही आडवे व्हायचे नाही. सगळ्या सीटना पट्टे बसवले. जाड कापडाचे पडदे आमच्या सौभाग्यवतींनी शिवले. पाण्यासाठी नळाची वीस लिटरची टाकी मागच्या दाराशी ठेवली.

गाडीत चूल, स्टोव्ह, शेगडी काही पेटवायचे नाही, आणि काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही, हा नियम आम्ही आत चिकटवला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये झोपलेली दोन माणसे मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

कागदपत्रांचेही सांगितले पाहिजे. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्कही बरेच वाढले आहे. म्हणून गाडी स्वस्त मिळाली एवढ्यावर भुलू नये. विकत घेण्यापूर्वी इंजिन आणि चासीचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहावा, कर्जाचा बोजा आणि दंडाची थकबाकी आहे का पाहावे. खाजगी गाडीत भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, हेही ध्यानात असावे. गाडी एकाच्या नावावर आहे, पण सहा घरांचा लेखी करार आहे: खर्च कोणाचा किती, कोण कधी नेणार, आणि उद्या विकली तर वाटणी कशी.

खर्चाचे प्रमाण सांगतो. दुरुस्तीचे दहा रुपये धरले तर सहा रुपये पत्रा, चासी, ब्रेक आणि टायर यांत गेले. दोन कागदपत्रे व विम्यात, एक विजेत. उरलेल्या एका रुपयात फळ्या, गाद्या, पडदे, ताडपत्री आणि रंग. मध्येच एका घरच्या कर्त्याचे कंत्राटी काम सुटले. तो मान खाली घालून म्हणाला, "माझा हिस्सा परत द्या, मला जमणार नाही." बैठकीने ठरवले की त्याने हातांनी हिस्सा द्यावा. गंज घासण्याचे, रंगाचे काम त्याने केले आणि बाहेरच्या कारागिराला जी मजुरी दिली असती तीच त्याच्या नावे वहीत मांडली. त्याचा हिस्सा पुरा झाला. उपकार कोणी कोणावर केला नाही.

गाडी पहिल्यांदा निघाली ती २० मार्चला, महाडला. निघण्याआधी त्रिशरण-पंचशील घेतले. कोणीतरी पुढे लिंबू-मिरची बांधायला आणली होती. मामा म्हणाले, "ब्रेक ऑइल बदललंय, लिंबू सरबताला ठेवा." सगळे हसले.

पहाटे पनवेल, पेण, नागोठणे मागे टाकले. सुकेळी खिंडीच्या उतारावर पुढचा टँकर अचानक थांबला. चालकाने ब्रेक दाबला. गाडी जराही बाजूला न ओढता सरळ रेषेत थांबली. मागे पट्ट्यात बसलेल्या आत्यांनी विचारले, "काय झालं रे?" "काही नाही, आत्या." मामा खिडकीबाहेर पाहत राहिले. आम्ही मात्र त्या क्षणी मनातल्या मनात निळ्या रंगाचा नमुना आठवला आणि अंगावर काटा आला.

महाडला उन्हाने रस्ता तापला होता. ताडपत्री ओढली, फळ्या घातल्या, पंखा लावला. आत्या चवदार तळ्याला वंदन करून आल्या आणि दोन तास शांत झोपल्या. मग एक अपरिचित बाई लेकराला घेऊन आली. "ताई, जरा आत बसून पाजू का?" पाठोपाठ दुसरी आली, लुगडे बदलायला. दुपारपर्यंत आमच्या गाडीच्या दाराशी बायांची रांग लागली. वीस लिटरची टाकी आम्ही तीनदा भरली. ज्या गावात १९२७ साली पाण्याला हात लावण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, तिथे आमच्या गाडीच्या नळाखाली कोणाची ओंजळ आहे हे कोणी विचारले नाही. तेव्हा वाटले, छप्पर उघडले नाही ते बरे झाले. दार उघडले तेवढे पुरे होते.

धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्पमादवग्ग आहे. अप्पमाद म्हणजे सावधपणा, गाफील न राहणे. तो विहारात जितका हवा तितकाच गाडीखालीही हवा. आमच्या मंडळाने आता ठरवले आहे की महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी तपासायची: ब्रेक ऑइलची पातळी, टायरची हवा, दिवे, गळती. मामांच्या बरोबर दर वेळी दोन मुले आणि दोन मुली गाडीखाली जातात. चालक एकच असू नये म्हणून वहिनींपैकी दोघींनी मोटार चालवण्याचे शिक्षण सुरू केले आहे.

निळा रंग अजून पुरा झालेला नाही. डाव्या बाजूला रेड ऑक्साइडच दिसतो. येत्या धम्मचक्र दिनापर्यंत तो होईल असे वाटते. न झाला तरी नागपूरला जायचे नक्की आहे, आणि आत्यांनी आपली पिशवी आतापासूनच भरून ठेवली आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.